हार कोणाची?

बुद्धिबळातले वजीर, शह, मात हे शब्द फारसीतून आपल्याकडे आले. मात म्हणजे राजाला कुठलीच वाट न उरणे. ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ या संगणकाने विश्वविजेत्या गॅरी कास्पारोव्हला सहा डावांच्या सामन्यात साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. माणसाच्या बुद्धीलाच मात मिळाली, असे तेव्हा अनेकांना वाटले.

१९९६ साली याच संगणकाला कास्पारोव्हने ४-२ असे हरवले होते. मधल्या वर्षात माणसांनीच त्याचा वेग वाढवला, ग्रँडमास्टरांनी त्याला डावपेच शिकवले. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तो तपासत असे. त्याला थकवा नव्हता, हरण्याची भीती नव्हती. माणूस अनुभवाच्या बळावर दोन-चार चालीच निवडतो. त्यात चूक झाली की यंत्र ती सोडत नाही.

तरीही खेळ संपला नाही. नागपूरची दिव्या देशमुख या सामन्यानंतर आठ वर्षांनी जन्मली आणि २०२५ साली तिने महिलांचा विश्वचषक जिंकला. आजचे खेळाडू संगणकावरच सराव करतात. मोटार माणसापेक्षा वेगाने धावते, म्हणून धावण्याच्या शर्यती कुठे बंद पडल्या?

पण हा दिलासा सर्वांना देता येईल का? पालघर, बोईसर, चिंचणी, तारापूर या पट्ट्यात डायमेकिंगचा हुन्नर आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक नक्षी कोरायची. त्यावर सोन्या-चांदीचा पत्रा ठेवून दाब दिला, की दागिन्याचा आकार उठतो. हाताने कोरायला दिवसच्या दिवस लागतात. आता संगणकावर चालणारे सीएनसी यंत्र तीच नक्षी झटपट कोरून देते. कास्पारोव्ह हरला तरी त्याचे नाव राहिले, त्याची रोजी बुडाली नाही. कारागिराच्या हातचे काम गेले तर घरातली चूलच थंडावते. त्याच्या हरण्याला प्रेक्षकही नसतात.

म्हणून यंत्र माणसापेक्षा हुशार आहे का, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. यंत्र कुणाशी वैर धरत नाही, कुणाचा घासही हिरावून घेत नाही. वाचलेल्या वेळेचा नफा कोणाच्या खिशात जायचा, हे माणसेच ठरवतात. ज्या नक्षीकामावरून यंत्राचा नमुना बनला, त्या हातांना त्या नफ्यात हिस्सा का नसावा? ते यंत्र चालवायला त्यांच्याच मुलांना का शिकवू नये? याचा जाब यंत्राला विचारता येत नाही. तो मालकाला, व्यापाऱ्याला, सरकारला आणि स्वस्त दागिना घेणाऱ्या आपल्यालाही द्यावा लागेल.