बुडबुड्यांचे श्रेय

फेसाळ वाईनचा विषय निघाला की आम्हां कॅथलिकांची मान किंचित ताठ होते. शॅम्पेनचा शोध दोम पेरिन्यों या बेनेडिक्टाईन मठवासीने लावला, असे आम्ही कौतुकाने सांगतो. ही कथा खरी नाही. मग प्रश्न उभा राहतो : आपल्याच माणसाचा गौरव करणारे, वरवर कोणाचेही काही न बिघडवणारे असत्य सांगत राहिलो, तर त्यात वावगे ते काय?

उत्तर शोधण्याआधी, बुडबुडे मुळात येतात कसे ते पाहू. फ्रान्सच्या दक्षिणेस लिमू नावाचे गाव आहे. तेथील ‘ब्लांकेत’ ही हलकी, सफरचंदाचा गंध असलेली, सहज पिता येण्याजोगी पांढरी वाईन. तिची जुनी रीत अगदी साधी आहे. मोझाक जातीच्या द्राक्षांचा रस आंबू लागला की यीस्ट त्यातील साखरेचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर करते. थंडी पडली की यीस्ट सुस्तावते. साखर अजून शिल्लक असतानाच रस बाटलीत भरून बूच मारतात. वसंताची ऊब लागताच यीस्ट पुन्हा जागे होते. वायूला बाहेर पडण्यास वाट नसते, म्हणून तो वाईनमध्येच विरघळून राहतो. वरून साखर घालावी लागत नाही. मद्यार्काचे प्रमाण जेमतेम ७ टक्क्यांच्या आसपास असते.

म्हणजे ही किमया मुळात थंडीची आणि वसंताची. माणसाने ती ओळखली इतकेच. जवळच्या सेंत-इलेर मठातील बेनेडिक्टाईनांनी ती १५३१ मध्ये ओळखली, असे लिमूकर मानतात. तो दावाही तपासूनच घ्यावा. परंतु दोम पेरिन्यों जन्मले ते १६३८ मध्ये. वाईनमध्ये साखर घालून तिला फेसाळ करण्याची रीत इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर मेरेट यांनी १६६२ मध्येच नोंदवली होती. दोम पेरिन्यों ओव्हिलेर मठाचे कोठारप्रमुख झाले ते त्यानंतर, १६६८ मध्ये. आणि त्यांना तर बुडबुडे हा दोषच वाटे, कारण त्यांच्या दाबाने तळघरातल्या बाटल्या फुटत.

त्यांना शोधकर्ता ठरवण्यात मोठा वाटा आहे तो त्याच मठातील दोम ग्रोसार यांच्या १८२१ मधील पत्राचा. फ्रेंच राज्यक्रांतीत तो मठ उठून गेला होता. मोडलेल्या घराविषयीची माया त्या शब्दांत असावी, असे आम्हांला वाटते. म्हणून त्यांना दोष देताना आमची जीभ अडखळते. पुढे व्यापाऱ्यांनी ती कथा आनंदाने उचलली.

तरीही हे असत्य निरुपद्रवी नाही. ज्यांनी ही गोष्ट आधी जाणली, त्यांचे श्रेय ते हिरावते. शिवाय ज्यांचा गौरव करायचा, त्यांच्यावरही ते अन्याय करते. वेली कडक छाटणे, सकाळच्या गारव्यात द्राक्षे खुडणे, ती हळुवार दाबणे, वेगवेगळ्या मळ्यांतील फळांचा नेमका मेळ घालणे — सोपवलेले हे काम दोम पेरिन्यों यांनी १७१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४७ वर्षे केले. त्यावर खोटा मुकुट चढवताना आम्ही नकळत म्हणत असतो, की एवढी निष्ठा आम्हांला पुरेशी वाटली नाही.

आपल्या संतांविषयी, धर्मगुरूंविषयी, वाडवडिलांविषयी बोलताना हा मोह आम्हांला वारंवार होतो. ती ४७ वर्षे आहेत तशी सांगण्याइतका विश्वास आमच्यापाशी असायला हवा.