वाईट दिवसाचा लगाम

गेल्या दिवाळीच्या सुटीत मुलीच्या हट्टापायी माथेरानला गेलो होतो. दस्तुरी नाक्यापाशी मोटारींचे राज्य संपते आणि तांबड्या मातीचे व घोड्यांचे राज्य सुरू होते. मुलगी नऊ वर्षांची. तिला घोड्यावर बसायचे होते. साठीच्या घरातला एक घोडेवाला भेटला. भाव ठरला, रिकिबी मुलीच्या पायाच्या मापाला आणून झाल्या, आणि आता निघायचे एवढ्यात त्या गृहस्थाने घोड्याच्या डोक्यावरचा सगळा साज उतरवला, खांद्यावरच्या पिशवीतून दुसरा काढला आणि तो चढवायला सुरुवात केली.

"मामा, होता तो लगाम काय वाईट होता?" मी विचारले. उशीर होऊ लागला की शिक्षकाचा आवाज आपोआप चढतो.

"वाईट नाही साहेब," तो शांतपणे म्हणाला, "पण तो माझ्या हातचा. आता वाद्या पोरीच्या हाती जाणार."

हे वाक्य त्या वेळी मी नुसते ऐकले. त्याचा अर्थ कळायला पुढे बरेच दिवस लागले, आणि कळला तेव्हा त्याच्याबरोबर जे आठवले ते मला फारसे भूषणावह नव्हते. सणासुदीच्या दिवसांत माणसाने गोड बोलावे, हे मला मान्य आहे. पण दिवाळीला आपण घराचे कोनाकोपरेही झाडतोच.

आपण सरसकट ज्याला लगाम म्हणतो, त्यात खरे पाहता तीन वस्तू असतात. डोक्यावर बसते ती चामड्याची म्होरकी, स्वाराच्या हातात येतात त्या वाद्या, आणि घोड्याच्या तोंडात जाते ती लोखंडी दांडी. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि मागच्या दाढांच्या मध्ये निसर्गाने एक मोकळी जागा ठेवली आहे. तेथे दात नसतात. हाडावर हिरडीचे पातळ आवरण, बस्स. नेमकी ही मोकळी जागा माणसाच्या नजरेस पडली आणि तेथे त्याने आपले लोखंड ठेवले. एवढ्या अवजड प्राण्याला नऊ वर्षांची मुलगी वळवू शकते ती स्वतःच्या बळावर नव्हे. घोड्याचे तोंड नाजूक असते म्हणून.

मामांनी नवी दांडी आधी आपल्या तळहातांत धरून चोळली. सकाळचा गारवा होता. थंडगार लोखंड एकदम तोंडात जाऊ नये म्हणून. मग दोन्ही कडांना बोट लावून पाहिले. दांडी तोंडाच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना जेमतेम पाव इंच अधिक हवी. कमी असली तर ओठ चिमटतात, जास्त असली तर ती तोंडात इकडून तिकडे सरकत राहते. ओठांच्या कोपऱ्याशी एखाददुसरी सुरकुती पडेल इतकीच ती वर घ्यायची. फार वर घेतली तर घोडा उगीचच दात विचकून हसल्यासारखा दिसतो, आणि खाली सोडली तर दातांवर आपटते. कपाळपट्टीने कान ओढले जाऊ नयेत. गळपट्टीखाली चार बोटे सहज जावीत. नाकपट्टीखाली दोन.

नाकपट्टीपाशी मात्र मामा थांबले आणि मुलीला म्हणाले, "हितं बोटं घालून बघ, बेबी." तिने घातली. "जातात ना? काही लोक ही आवळून बांधतात. मग घोडा तोंड उघडत नाही. लोकांना वाटतं, काय गुणाचा घोडा! अहो, दुखलं तर तोंड उघडणार कसं?"

संध्याकाळी पैसे द्यायला त्यांच्या तबेल्यावर गेलो. दारावर दसऱ्याचे झेंडूचे तोरण सुकून गेले होते. आत खुंटीवर, इतर साजापासून वेगळी, एक जुनी दांडी टांगलेली होती. जवळ जाऊन पाहिले तर तिच्या अंगावर बारीक काटे. असला काटेरी लगाम वापरायला आपल्याकडे 1965 च्या नियमांनीच मनाई आहे. म्हणून मी जरा करड्या स्वरात विचारले, तेव्हा त्यांनी हकीकत सांगितली.

दांडी त्यांच्या वडिलांची. वडिलांच्या हाती ती कधी कुणाला टोचली नाही. वाद्या ते दोन बोटांत, दोरा धरावा तशा धरीत. घोडी त्यांच्या नुसत्या मनगटावर वळे. म्हाताऱ्यामागे तीच घोडी आणि तीच दांडी मुलाच्या वाट्याला आली. मुलाचा हातही काही वाईट नव्हता. पण एक दिवस घरात भांडण झाले, पैशाची ओढ होती, गिऱ्हाईक उलटून बोलले, आणि उतारावर घोडी कशालाशी बुजली. "एकदाच ओढलं बघा," मामा म्हणाले. "जीभ अर्धी कापली. आठ दिवस तिनं चारा खाल्ला नाही. वडिलांच्या हातानं जमायचं, म्हणून मला वाटलं माझ्याही जमेल. आणि जमायचंच, रोज जमायचं. त्या दिवशी नाही जमलं."

ती दांडी त्यांनी फेकून दिली नाही. दिसत राहावी म्हणून खुंटीला लावली.

घोड्यांच्या जाणकारांत एक समजूत फार जुनी आहे: लगाम सौम्य किंवा कठोर नसतो, हात असतो. ऐकायला हे फार खरे वाटते, आणि अर्धे खरे आहेही. आडदांड हातात गुळगुळीत दांडीही इजा करते. पण उरलेल्या अर्ध्यात मोठी फसवणूक आहे. लगाम निवडताना प्रत्येक जण आपला चांगला हात डोळ्यांपुढे आणतो: पोट भरलेले आहे, झोप झाली आहे, घोडा लाडका आहे, सकाळ प्रसन्न आहे, अशा वेळचा हात. त्या हाताला काटेरी दांडीही शोभते. पण लगाम काही त्या सकाळपुरता नसतो. तो वर्षभर घोड्याच्या तोंडात असतो, आणि वर्षात भांडणाचे, उपासाचे, अपमानाचे दिवसही येतात. शिवाय तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो. म्हणून मला वाटते, दुसऱ्याला आवरण्याचे साधन आपल्या उत्तम दिवसाकडे पाहून निवडू नये; वाईट दिवसाकडे पाहून निवडावे. आपण अगदी बिघडलेले असताना हे साधन आपल्या हातात असले, तर समोरच्याचे काय होईल? या प्रश्नाचे उत्तर सोसण्याजोगे असेल तेवढेच बळ हाती घ्यावे.

यावर कुणी म्हणेल, मग लगामच नको. हे बोलणे दरीच्या कडेने घोड्यावरून न गेलेल्याचे आहे. माकडाने झाडावरून उडी मारली, घोडा बिचकला, आणि पाठीवर लेक आहे, तेव्हा वाद्या हातात असाव्यात असे घोड्याच्या हितासाठीही वाटते. तोंडात लोखंड नसलेले, नुसत्या नाकावरच्या पट्टीने वळवायचे साजही असतात. पण तेही आवळले तर दुखतातच. बंधन असावे की नसावे हा वाद सोपा आहे. किती असावे, आणि ते कुणी ठरवावे, हे अवघड आहे.

कठोपनिषदात शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. लहानपणी हे रूपक ऐकताना मला सारथी नेहमी ताठ बसलेला, जागा दिसे. आता वाटते, सारथ्यालाही डुलकी येते, त्यालाही राग येतो. दुसऱ्याच्या तोंडातला लगाम हाती घेणाऱ्याने आपल्या बुद्धीचीही पेंगण्याची वेळ धरून चालावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: सौम्य लगामाला न जुमानणारा घोडा असतोच, त्याचे काय? सुमारे 2400 वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक लेखकाने घोडेस्वारीवर एक पुस्तक लिहिले. त्यात तो दोन लगाम बाळगायला सांगतो, एक गुळगुळीत आणि एक बोचरा. बोचऱ्याने घोडा शिकेल आणि गुळगुळीतावर खूश होऊन तेच करील. गंमत म्हणजे याच पुस्तकात त्याने असेही म्हटले आहे की, सक्तीने करवलेल्या गोष्टीत समज नसते आणि सौंदर्यही नसते. एवढे कळलेल्या माणसालाही बोचऱ्या लगामाचा मोह सुटला नाही! आमच्या शाळांतून नव्या मास्तरला जुने मास्तर सांगत, "पहिले आठ दिवस हसू नका," ती याच वंशातली शिकवण. मामांना मी हा प्रश्न विचारला तेव्हा ते म्हणाले, "घोडा मान झटकायला लागला की मी आधी तोंडात बघतो. दाढेला धार येते, गाल सोलतो. लोक मात्र आधी बाजारात जातात, जड लगाम आणायला."

आधी तोंडात बघतो! येथे मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला.

पंधराएक वर्षे झाली. शाळेत मारायला कायद्याने बंदी करणारा 2009 चा कायदा नुकताच लागू झाला होता. मी छडी कपाटात टाकली आणि स्वतःला सुधारलेला समजू लागलो. वर्गात एक मुलगा होता. काहीही विचारले की म्हणे, "काय, सर?" पुन्हा सांगितले की पुन्हा, "काय, सर?" त्या वर्षी माझ्या कादंबरीचे हस्तलिखित प्रकाशकाकडून परत आले होते. पाकीट सकाळी हाती पडले आणि दुपारी मी भरवर्गात त्या मुलाला म्हणालो, "या, कायसाहेब!" वर्ग खळखळून हसला. मीही हसलो. नाव चिकटले. मधल्या सुटीत, रस्त्यात, नदीवर, सगळीकडे तो कायसाहेब झाला. पंधरा दिवसांत त्याचे "काय, सर" बंद झाले. वाईट खोड मोडली, असे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितल्याचेही मला आठवते.

चार महिन्यांनी त्याची आजी शाळेत आली. लहानपणी कान फुटल्यापासून त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हते, आणि माझ्या वर्गात त्याची जागा उजव्या भिंतीपाशी होती. माझ्याकडे त्याचा डावाच कान असे. त्याने काही तक्रार केली नव्हती. तो फक्त ऐकू न आलेले पुन्हा विचारत होता, आणि मी त्याचे विचारणे बंद केले होते. बाहेरून वर्ग किती शांत दिसत होता! नाकपट्टी आवळलेला घोडाही असाच शांत दिसतो.

मी त्याची जागा बदलली. नाव मात्र बदलता आले नाही. ते आता माझ्या हातात राहिले नव्हते, चाळीस मुलांच्या तोंडी गेले होते. छडी निदान कपाटात तरी ठेवता येते. "तोंडाला लगाम घाल" असे आपण मुलांना सांगतो, पण ज्या जिभेच्या एका शब्दावर चाळीस जण हसतात, तिला लगाम कोण घालणार?

तेव्हापासून मी मुलांना टोपणनावे ठेवीत नाही, लाडाचीही नाही. सहकारी म्हणतात, मास्तर, तुम्ही फार सोवळे झालात, प्रेमाने ठेवलेल्या नावाने काय बिघडते? काही बिघडत नाही, हे मलाही कळते. पण परतलेले पाकीट माझ्या हाती कोणत्या सकाळी पडेल, हे मला सांगता येत नाही.

माथेरानहून आल्यावर त्या मुलाच्या गावी गेलो. तो आता तिशीला टेकला आहे. सायकलदुरुस्तीचे त्याचे छोटेसे दुकान आहे. मी मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि जे बोलायचे होते ते बोललो. तो चाकाची तार सरळ करीत होता. हात थांबला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "त्यात काय, सर."

ते उत्तर होते की प्रश्न, हे मला अजून कळलेले नाही. पुन्हा विचारण्याचा धीर मात्र झाला नाही.