फोटोला उत्तरपूजा नाही

पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरत आला आहे. पितळी नळ, बंद पडलेली घड्याळं, लोखंडी हत्यारं, ग्रामोफोनच्या तबकड्या यांच्या गर्दीत एखाद्या ताडपत्रीच्या कोपऱ्यावर तसबिरी एकावर एक रचलेल्या दिसतात. कुणी वाकून पाहू लागलं की विक्रेता विचारतो, "फ्रेम पाहिजे का फोटो?" सागवानी चौकटीला भाव येतो, तिच्यात आरसा बसवता येतो. आतला फोटो नको असेल तर खिळे उचकटून तो तिथल्या तिथे काढून द्यायची त्याची तयारी असते.

जुने फोटो जमवणारा माणूस अशा वेळी तो निघालेला फोटो मागून घेतो. समजा, तो एका घरच्या गणपतीचा आहे. वाड्याची ओटी, कागदी झिरमिळ्यांचं मखर, मधे मूर्ती. एका बाजूला टोपी घातलेला घरचा कर्ता पुरुष, दुसऱ्या बाजूला नऊवारीतली बायको, हात जोडलेले, नजर मात्र देवाकडे नसून कॅमेऱ्याकडे. झांज घेतलेला एक मुलगा. एक परकरी पोर ऐन वेळी हलली, त्यामुळे तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका ढग. आणि नीट पाहिलं तर मागच्या दाराच्या चौकटीत आणखी कुणीतरी आहे: विधवेच्या आलवणाचा पदर, कपाळाचा थोडासा भाग, दाराच्या कडेवर टेकलेली चार बोटं. मंगल प्रसंगी समोर यायचं नाही, पण पाहायचं तर आहे. फोटोच्या पाठीवर शाईने 'भाद्रपद शके' एवढं वाचता येतं. पुढचे आकडे कसरीने खाल्ले आहेत.

या फोटोत जी मातीची मूर्ती आहे तिचं काय करायचं हे शास्त्राने पक्कं ठरवून दिलेलं आहे. प्राणप्रतिष्ठा होते, पूजा होते, मग उत्तरपूजा होते, अक्षता टाकून मूर्ती जागची किंचित हलवतात, आणि पुन्हा येण्याचं आमंत्रण देऊन ती पाण्यात सोडतात. माणसाच्या देहालाही अंत्येष्टी आहे. ज्यू लोकांमध्ये तर जीर्ण धर्मग्रंथालाही निरोप आहे: देवाचं नाव लिहिलेला कागद फाडत नाहीत, गेनिझा म्हणतात त्या कोठीत साठवून ठेवतात आणि पुढे विधिवत पुरतात. फोटोला यातलं काहीच नाही. फोटोचं तंत्र जगासमोर आलं १८३९ साली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या पहिल्या हिंदी छायाचित्रकारांपैकी एक. श्राद्धाचे, विसर्जनाचे, पुरण्या-जाळण्याचे सगळे नियम त्याआधी कित्येक शतकं ठरून गेले होते. त्यामुळे वडिलांचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लागतो, त्याला चंदनाचा हार पडतो, देवघरात मात्र त्याला जागा नसते. आणि आजोबांच्या आजोबांपर्यंत गेलं की भिंतही संपते. वाडा पाडायला निघतो, फ्लॅटमध्ये खिळा ठोकायला जागा नसते, फोटो ट्रंकेत जातात. पुढच्या पिढीला ते जाळवत नाहीत आणि ठेववतही नाहीत. शेवटी भंगारवाला येतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याचा विधी कुणी सांगितलाच नाही ते काम त्याच्या गळ्यात पडतं.

तेव्हा फोटो जमवणं हा नुसता छंद आहे असं मानून पुढे जाता येत नाही. ज्यांचे आपण कुणीच लागत नाही अशा माणसांची आठवण ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर आहे का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो धर्माच्या हद्दीतला आहे.

हिंदू परंपरेने त्याचं उत्तर फार पूर्वी, आणि फार मोठ्या मनाने दिलेलं आहे. तर्पण करणारा आपल्या बापाला, आजोबाला, पणजोबाला पाणी देतो, आईकडच्यांना देतो, गुरूला देतो. आणि शेवटी त्यांनाही देतो जे त्याचे कुणीच नाहीत, ज्यांना पाणी द्यायला मागे कुणी उरलं नाही, जे कदाचित दुसऱ्या एखाद्या जन्मी त्याचे आप्त असतील. तीच गोष्ट सर्वपित्री अमावास्येची. ज्यांची तिथी ठाऊक नाही, जे कुठे आणि केव्हा गेले हे कळलंच नाही, त्यांच्यासाठी हा एक दिवस राखून ठेवलेला आहे. म्हणजे नातं सिद्ध करता आलं नाही तरी ऋण संपत नाही, हे परंपरेला मान्य होतं.

हाच विचार अगदी दुसऱ्या टोकाच्या एका धर्मात, एका भयंकर प्रसंगानंतर, जवळजवळ याच रूपात पुढे आला.

लिथुआनियातलं आयशिशोक हे ज्यू वस्तीचं जुनं छोटं गाव. तिथे यित्झाक उरी काट्झ आणि त्यांची पत्नी आल्टे हे फोटोग्राफर होते. गावातली लग्नं, शाळेचे वर्ग, सहली, बर्फातल्या गाड्या, सणाचे कपडे घातलेली घरं असं सगळं त्यांच्या आणि इतरांच्या कॅमेऱ्यात आलं. पूर्व युरोपातली पुष्कळ ज्यू माणसं त्या काळात अमेरिकेला निघून गेली होती, आणि ज्यू नववर्षाला, म्हणजे रोश हशानाला, घरच्यांचा फोटो शुभेच्छा म्हणून पाठवण्याची चाल रूढ होती. आईने मुलाला, बहिणीने भावाला समुद्रापार धाडलेले हे फोटो. पाठवणाऱ्यांना एवढंच कळवायचं होतं की आम्ही बरे आहोत, धाकटी आता एवढी झाली.

२१ सप्टेंबर १९४१, रोश हशानाची आदली संध्याकाळ. गावातल्या ज्यूंना जमा करून कोंडण्यात आलं. २५ आणि २६ सप्टेंबरला त्यांना खड्ड्यांपाशी नेऊन गोळ्या घातल्या. आसपासच्या गावांतून आणलेल्यांसह सुमारे साडेतीन हजार माणसं होती, त्यात शेकडो लेकरं.

काट्झ दांपत्याची नात याफा एलियाख त्या गावची. लहान असताना ती यातून वाचली, पुढे अमेरिकेत इतिहासाची प्राध्यापक झाली. १९७९ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी नेमलेल्या आयोगाबरोबर पूर्व युरोपातल्या हत्याकांडाच्या जागा पाहत फिरत असताना तिने ठरवलं की आपल्या गावाचं स्मारक करायचं तर ते मृत्यूचं नको, जगण्याचं हवं. मग तिने त्या गावातून जगभर पांगलेल्या माणसांची दारं ठोठावायला सुरुवात केली. काम वर्षानुवर्षं चाललं. जे फोटो घरात राहिले ते माणसांबरोबर गेले. जे टपालाने दूर गेले होते ते पुष्कळसे वाचले. असे सुमारे सहा हजार फोटो तिने जमवले. त्यांतले हजारभर १९९३ मध्ये उघडलेल्या वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात, तीन मजले उंच अशा मनोऱ्याच्या भिंतींवर लागलेले आहेत. मनोऱ्यातल्या पुलावरून चालताना वर चेहरे, खाली चेहरे, बाजूला चेहरे. हसणारे, सायकलवर बसलेले, नवे कोट घातलेले. प्रेत एकही नाही.

ज्यू धर्माच्या दहा आज्ञांमधली एक आज्ञा पूजेसाठी प्रतिमा घडवायला मनाई करते. मूर्तीबद्दल एवढा कडक असलेला समाज आपल्या स्मारकासाठी चेहऱ्यांची भिंत उभारतो, तेव्हा त्या भिंतीपुढे नेमकं काय घडत असतं? पूजा नक्कीच नाही. तिथे कुणी हात जोडत नाही, कुणी काही मागत नाही. माणसं फक्त पाहतात आणि नावं वाचतात. आणि खरी मेख तिथेच आहे. एलियाख यांना यातले कितीतरी लोक नावानिशी ठाऊक होते किंवा त्यांनी ते शोधून काढले: कुणाची मुलगी, कुणाचं दुकान, कोण अमेरिकेला गेलं, कोण राहिलं. १९९८ साली त्या गावाचा नऊशे वर्षांचा जाडजूड इतिहास त्यांनी प्रसिद्ध केला तो याच नोंदींच्या जोरावर. चेहऱ्याला नाव परत मिळालं की प्रतिमेची मूर्ती होत नाही, ती साक्ष होते.

ज्यांची नावं मिळाली पण मृत्यूची तारीख मिळाली नाही त्यांचं काय? ज्यू रिवाजाप्रमाणे मृत्यूच्या तिथीला दरवर्षी दिवा लावतात आणि मुलगा कद्दिश म्हणतो. ही प्रार्थना मोठी विलक्षण आहे, तिच्यात मृत्यूचा उल्लेखही नसतो, फक्त ईश्वराची थोरवी असते, आणि दहा जण जमल्याशिवाय ती म्हणता येत नाही. पण लाखो माणसांची तिथीच हरवली होती. तेव्हा इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने तेवेत महिन्याची दहावी तिथी, जो मुळात जेरुसलेमच्या वेढ्याच्या स्मरणाचा उपास होता, तो दिवस तिथी अज्ञात असलेल्या सर्वांच्या कद्दिशसाठी ठरवून दिला. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. ही त्यांची सर्वपित्री.

हे दोन प्रवाह एका घरात नांदताना पाहायचे असतील तर ते कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकऱ्यांनी यांना शनवार तेली म्हटलं. यांचा रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण', योम किप्पुर म्हणजे 'दरफाळणीचा सण', कारण त्या दिवशी घराची दारं लावून घ्यायची. बायका नऊवारी नेसत, नवस फेडताना पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा मलिदा होई, आणि एलियाहू संदेष्ट्याचं रथातून स्वर्गारोहणाचं चित्र आजही कितीतरी बेने इस्रायल घरांत भिंतीवर दिसतं. मूर्ती नाही, पण चित्र आहे. पूजा नाही, पण त्याच्याविना घर पुरं वाटत नाही. १९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. अशा स्थलांतरात भांडीकुंडी मागे राहतात, फोटो बरोबर जातात. आज नेगेवच्या वाळवंटातल्या दिमोनासारख्या गावी एखाद्या नातवाला आजीची मराठी कळत नसेल, पण नऊवारीतल्या पणजीचा चेहरा त्याला ओळखता येतो.

या साऱ्यावर एक आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांची आई १९७७ साली गेली. तिचे फोटो चाळताना त्यांना ती पाच वर्षांची असतानाचा एक फोटो सापडला आणि त्यात त्यांना ती पुरती भेटली. १९८० मध्ये आलेलं छायाचित्रावरचं त्यांचं पुस्तक याच फोटोभोवती फिरतं, पण तो फोटो पुस्तकात नाही. परक्याला त्यात एक साधी मुलगी दिसेल, माझी आई दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मग जुन्या बाजारातून कुणाची तरी आई विकत आणणाऱ्याला काय दिसतं? आणि दाराआडच्या त्या आलवणातल्या बाईला कुणी विचारलं होतं? ती तर कॅमेऱ्यापासून लपत होती.

या आक्षेपाचं उत्तर संग्राहक त्या फोटोचं काय करतो यात आहे. अलीकडे हॉटेलांच्या भिंतींवर जुना काळ उभा करायला अनोळखी कुटुंबांच्या तसबिरी टांगतात. मिसळ खाताना वर कुणाचे तरी आजोबा. हे मनाला लागतं, कारण तिथे चेहऱ्याचा केवळ रंग वापरला जातो. याच्या उलट पुण्याचे संग्राहक दिनकर केळकर यांचं उदाहरण पाहावं. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. केळकरांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकघरातली भांडी अशा वस्तू जमवल्या, त्या संग्रहाला मुलाचं नाव दिलं आणि १९७५ मध्ये तो सगळा राज्य सरकारच्या स्वाधीन केला. परक्यांच्या घरातला दिवा सांभाळताना आपल्या घरातला विझलेला दिवा सांभाळला जातो, हे त्या माणसाला उमगलेलं होतं. तर्पणाच्या ओंजळीतही तेच घडतं, आपल्यांसाठी घेतलेलं पाणी परक्यांपर्यंत वाहत जातं.

म्हणून जाणते संग्राहक काही नियम पाळतात, आणि ते नियम म्हणजेच या नव्या वस्तूचा घडत चाललेला विधी आहे. अल्बम मिळाला तर त्याची पानं सुटी करून विकायची नाहीत. एकत्र राहिलेलं कुटुंब पुन्हा फोडायचं नाही. स्टुडिओचा शिक्का, पाठीवरचं अक्षर, कुठल्या फोटोबरोबर कुठला निघाला, हे लिहून ठेवायचं. आम्लरहित कागदात गुंडाळायचं. घरचं कुणी सापडलं तर पैसे न घेता परत करायचं. पाठीवर काही लिहायचं असेल तर शिसपेन्सिलने, हलक्या हाताने, कारण शाई पुढच्या बाजूला उतरते.

१९४१ च्या २१ सप्टेंबरला, आयशिशोकमधली माणसं ज्या संध्याकाळी कोंडली गेली त्याच दिवशी सकाळी, इकडे भाद्रपद अमावास्या, म्हणजे सर्वपित्री, संपली होती. रोश हशाना नव्या चंद्राबरोबर येतो, त्यामुळे दोन्ही पंचांगं पुष्कळदा अशी शेजारी येऊन बसतात. आणि ओटीवरचा तो गणपतीचा फोटोही भाद्रपदाचाच, शुद्ध पक्षातला. ज्या घराने पहिल्या पंधरवड्यात मखर सजवलं त्याच घराने दुसऱ्या पंधरवड्यात पितरांसाठी पानं मांडली असणार.

आता त्या फोटोच्या पाठीवर, कसरीने सोडलेल्या जागेत, पेन्सिलची नवी ओळ आहे: जुना बाजार, पुणे. ओटीवर चौघं. दाराआड एक बाई, नाव शोधायचं आहे.