नववा अवतार आणि पाचवी प्रतिज्ञा

बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार होय, हे विधान ज्या आपुलकीने केले जाते ती आपुलकी बहुधा खरी असते. म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड जाते. भिलाईतील हुडकोसारख्या वसाहतीत ही अडचण पुस्तकी राहत नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या या पोलादनगरीत देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. नागपूर रेल्वेने थेट जोडलेले असल्यामुळे विदर्भातील मराठी माणसेही आली, आणि त्यांत १९५६ नंतर बौद्ध झालेली कुटुंबेही होती. भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी बुद्धजयंतीच्या दिवशी ‘तुमचे बुद्ध तर आमच्या दशावतारांतलेच’ असे म्हणाला, तर बौद्ध माणसाने काय करावे? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी नेमकी याच समजुतीविरुद्ध आहे, आणि तिचे शब्द सौम्य नाहीत. गप्प राहावे तर प्रतिज्ञेशी प्रतारणा. बोलावे तर शेजार दुरावण्याचे भय.

त्या विधानाच्या पोटात काय आहे हे शेजाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही. विष्णुपुराणात विष्णूच्या देहातून निघालेला मायामोह दैत्यांना वेदमार्गापासून भ्रष्ट करतो. भागवतात कीकट देशी होणारा बुद्ध देवांच्या शत्रूंना भुलविण्यासाठीच अवतरणार आहे. म्हणजे अवतार खरा, उपदेश मात्र फसवा, आणि त्या उपदेशाने चालणारे फसलेले. पुढे जयदेवाने यज्ञातील पशुहत्येचा निषेध करणारा दयाळू बुद्ध दशावतारांत गौरविला खरा. परंतु तेथेही बुद्धाला जागा मिळाली ती दुसऱ्याच्या रूपाने. महाराष्ट्रातील जुन्या दशावतार-चित्रांत नवव्या जागी विठ्ठल उभा असतो. सामान्य माणसाच्या मनातला ‘बौद्ध अवतार’ तो, मायामोह नव्हे. शेजाऱ्यावर कपटाचा आरोप करणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात या पेचाविषयी एक मार्मिक सूचना आहे. बुद्धाची, धम्माची वा संघाची कोणी निंदा केली तर भिक्षूंनी रागावू नये. कारण रागावलेल्याला निंदकाचे म्हणणे खरे की खोटे हे पारखता येत नाही. येथे क्रोधावर आक्षेप आहे तो बुद्धी झाकोळण्याचा. सभ्यतेचा मुद्दा त्यानंतरचा. तेच सुत्त स्तुतीनेही हुरळून जाऊ देत नाही. पण जे खोटे आहे ते खोटे म्हणून उलगडून सांगावे, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. अवताराचे विधान हे स्तुतीच्या वेषातले चुकीचे विधान आहे. तेव्हा राग नको आणि मौनही नको.

एवढ्याने मात्र भागत नाही. शांततेचा उपदेश नेहमी दुबळ्यालाच का केला जातो, हा प्रश्न उरतोच. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद वादाचे आमंत्रण देतो तेव्हा नागसेन अट घालतो : पंडितांसारखा वाद करणार असाल तर करू, राजांसारखा असेल तर नाही. पंडितांच्या वादात कोणी हरतो, कोणाचे म्हणणे खोडले जाते, तरी कोणी रागावत नाही. राजाच्या मताला जो विरोध करतो त्याला दंड होतो. ही अट बलवानाला घातलेली आहे. कारखान्यात शेजारी शेजारी काम करणारे दोघे आपापल्या गावी परतल्यावर एकाच पाणवठ्यावर पाणी भरू शकत होते काय, हा प्रश्न वादाच्या बाहेरचा नव्हे. पाचव्या प्रतिज्ञेतील तिखटपणा पुष्कळांना खटकतो. ज्यांना शतकानुशतके राजाच्याच रीतीने उत्तर मिळाले, त्यांच्या भाषेत तो येणे स्वाभाविक मानले पाहिजे.

पण हीच कसोटी बौद्ध पक्षालाही लागते, आणि येथे खरी परीक्षा आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीच्या प्रतिष्ठापनेच्या प्रसंगी बाबासाहेबांनी पंढरपूरचा विठोबा हा मुळात बुद्धच होय असे मत मांडले होते. ते अनेक बौद्ध घरांत आता सिद्धान्ताप्रमाणे सांगितले जाते. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथाने विठ्ठलाचे मूळ गोपजनांच्या दैवतात शोधले. वारकरी शेजाऱ्याने हा ग्रंथ पुढे केला, तर पुराणांना पुरावा मागणाऱ्याने तो उघडलाच पाहिजे. बाबासाहेबांनी स्वतः ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रास्ताविकात गृहत्याग, चार आर्यसत्ये, कर्म-पुनर्जन्म आणि भिक्षुसंघ यांविषयी बौद्ध परंपरेलाच अडचणीत टाकणारे प्रश्न विचारले. त्यांचे एखादे मत तपासून पाहणारा त्यांच्याच वाटेने जात असतो.

वाद जिंकल्यानंतरचे वर्तन हा तर निराळाच विषय आहे. मज्झिमनिकायातील उपाली गृहपती निगण्ठांचा अनुयायी म्हणून बुद्धाला वादात हरवायला गेला आणि त्याचाच उपासक होऊन परतला. नीट विचार कर, असे बुद्धाने त्याला बजावले. शिवाय ज्या निगण्ठांसाठी तुझे घर इतके दिवस पाणपोईसारखे होते, त्यांना भिक्षा देणे थांबवू नकोस, असेही सांगितले. उपालीने घरी येऊन द्वारपालाला आज्ञा केली : निगण्ठांना आत सोडू नये, भिक्षा हवी असल्यास ती त्यांना दारातच आणून द्यावी. पुढे त्याचा पूर्वीचा गुरू स्वतः आला तेव्हा, ज्या उच्चासनाची धूळ आपल्या उत्तरीयाने झटकून तो त्याला बसवीत असे, त्या आसनावर उपाली आधीच जाऊन बसला होता.