लाकूड नेमकं कोणी कातलं?

पुण्यात 'सिंहगडावर गेलो' आणि 'सिंहगड चढलो' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आतकरवाडीतून पायी चढलेला आणि घाटरस्त्यानं स्कूटर वर घातलेला, दोघं शेजारी बसून पिठलं-भाकरी खातात, मडक्यातलं दहीही तेच. पण दुसऱ्यानं 'चढलो' म्हटलं की पहिल्याच्या भुवया वर जातात. त्या भुवयांमागचा प्रश्न मला सध्या लाकडामुळे छळतोय.

मी लेथवर लाकूड कातते. लाटणी, रव्या, वाडगे, भातुकलीची भांडी. बाल्कनीत एक छोटा विजेचा लेथ आहे. वस्तू विकायला ठेवते तेव्हा चिठ्ठीवर 'हातानं केलेलं' असं लिहिते. मग कोणीतरी विचारतंच, "मशीन आहे ना तुमच्याकडे? मग हातानं कसं?" प्रश्न खवचट वाटतो, पण रास्त आहे.

लेथ आणि वाहन यांची तुलना इथे कामाला येते, कारण लेथ हे उलटं वाहन आहे. वाहनात माणूस पुढे जातो. लेथपाशी माणूस उभा असतो आणि लाकूड जागच्या जागी प्रवास करतं. तो प्रवासही किरकोळ नाही. 20 सेंटिमीटर व्यासाचा वाडगा मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर त्याची कड पटाशीसमोरून ताशी 56 किलोमीटरच्या वेगानं जात असते. ज्या शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघतात, तिथे मी स्वतःच्या बाल्कनीत फेसशील्ड लावून उभी असते.

माझा लेथ म्हणजे लुना. 1972 साली पुण्याच्या कायनेटिकनं आणलेल्या लुनाला चढावर पायडल मारावं लागायचं. इथेही लाकूड जड असलं की मोटर दमते, हात हलका करावा लागतो. मोठा बिडाचा लेथ हा ट्रक. त्याचं वजन हाच त्याचा गुण, कारण वेडावाकडा ओंडका फिरायला लागला की हलका लेथ टेबलासकट थरथरतो. कॉपी लेथ मात्र रेल्वे आहे. एक नमुना बसवायचा, पातं त्याच्या कडेकडेनं चालतं आणि एकसारखे दोनशे पाय निघतात. मार्ग आधीच टाकलेला असतो.

डेव्हिड पाय नावाचा एक ब्रिटिश प्राध्यापक होता, स्वतः लाकडाचे सुंदर वाडगे करायचा. 1968 सालच्या पुस्तकात त्यानं म्हटलं की हात विरुद्ध यंत्र हा वादच निरुपयोगी आहे. काम करताना शेवटच्या क्षणापर्यंत ते बिघडू शकतं का, एवढं बघा. बिघडू शकत असेल तर ती जोखमीची कारागिरी, नसेल तर खात्रीची. हे मला लगेच पटलं. लक्ष्मी रोडवरून संध्याकाळी दुचाकी काढणं आणि रुळावरून जाणं यांत फरक इंजिनाचा नाहीच, दोन्हीकडे ते आहे. फरक हँडलचा आहे. माझ्या लेथवर शेवटच्या काटाला पटाशी अडकली की तासाभराचं काम भिंतीवर आपटतं. म्हणून 'हातानं'. प्रकरण मिटलं, असं वाटलं होतं.

पण दोरीचा लेथ आठवला. मोटरच्या आधी लाकडाभोवती दोरी गुंडाळून ती आलटून पालटून ओढायचे. लाकूड एकदा पुढे फिरायचं, एकदा मागे, आणि कापायचं फक्त एकाच दिशेला. एक जण ओढणार, दुसरा पटाशी धरणार. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात इ.स.पू. 300 च्या सुमाराचं चित्र आहे, त्यातही माणसं दोन आहेत. आता सांगा, 'हातानं केलेलं' म्हणजे कोणाच्या? दिवसभर राबायचे ते ओढणाऱ्याचे हात, आणि वस्तू मात्र कातणाऱ्याची. शिवाय ओढणाऱ्यानं झटका दिला तर काम बिघडणारच, म्हणजे पायच्या कसोटीनंही जोखीम दोघांची. तरी तो हिशेबात येत नाही.

याला जोडीचं वाहन म्हणजे माथेरानची हातरिक्षा. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळतील असं बघा, असंही सांगितलं. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ओढण्याचे कष्ट थांबवणं सोपं आहे, ओढणाऱ्याची भाकरी चालू ठेवणं अवघड. दोरीच्या जागी मोटर आली तेव्हा कातणारा कातणाराच राहिला. ओढणाऱ्यासाठी कुठल्या न्यायालयानं काही म्हटलं नाही.

म्हणून विजेच्या लेथला कमी लेखणाऱ्यांशी माझं जमत नाही. मोटरनं माझ्या हातातलं काही काढून घेतलेलं नाही, तिनं दुसऱ्याच्या हातातली दोरी काढली. पण दोरी गायब झालीय का? स्विच दाबल्यावर महावितरणच्या तारेतून येणाऱ्या विजेमागे कुठेतरी चंद्रपूरचा कोळसा असतो, तो काढणारी माणसं असतात. ओढणारा बाल्कनीतून दिसत नाही, एवढंच.

हा विचार फार ताणला तर लाटण्यावर चित्रपटासारखी श्रेयनामावली छापावी लागेल, आणि लाटणं तेवढं लांब नसतं. तरी चिठ्ठी बदलायचं मी ठरवलं. 'हातानं केलेलं' काढलं. आता लिहिते, 'विजेच्या लेथवर, पटाशी हातात धरून कातलेलं'. पुढेमागे एकसारखी दोनशे लाटणी हवी आहेत अशी ऑर्डर आली, तर ती कॉपी लेथवर करून घेईन आणि तसं लिहीन, किंमतही कमी लावीन. 'केलं' आणि 'करून घेतलं' असे दोन वेगळे प्रयोग मराठीत आहेत, ते वापरायला काय हरकत आहे?

गिऱ्हाइकं चिठ्ठी वाचतात, वाडगा उलटा करून बघतात आणि विचारतात, "डिशवॉशरमध्ये चालेल ना?"

नाही चालत.