रुईच्या पानामागे

आज शनिवार. आत्ता या वेळी मारुतीच्या देवळांबाहेर रुईच्या पानांच्या माळा टोपलीत रचून ठेवल्या असतील. जाड, पांढुरकी, हाताला मऊ लागणारी पानं. रथसप्तमीला यातलीच सात पानं अंगावर ठेवून स्नान करायची रीत आहे. पांढऱ्या फुलांची रुई म्हणजे तर मांदार, गणपतीचा. एवढा मान असलेलं हे झुडूप कुंपणाशी आपणहून उगवलं, की मात्र आपण म्हणतो, रान माजलंय, काढून टाका.

आमच्या इमारतीमागे असंच एक रुईचं झाड होतं. गेल्या नवरात्रात त्याच्या एका पानामागे मला खसखशीच्या दाण्याएवढं पांढरं अंडं दिसलं. चार दिवसांत अळी बाहेर आली. अंगावर काळे-पांढरे पट्टे, मधे पिवळे ठिपके आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. रुईचं पान खुडलं की चीक कसा भळभळतो, हे आपण जाणतो. त्या चिकात अळीचं तोंडच चिकटायचं. म्हणून ती आधी पानाची शीर कुरतडते, चीक तिथेच वाहून जाऊ देते आणि मग पुढचा भाग खायला घेते. हे मी झाडापाशी उकिडवं बसून पाहिलं. भाजी करपली, पण उठवेना.

हा चीक विषारी, थेट हृदयावर परिणाम करणारा. अळी तो पचवते आणि त्यातलं काही विष अंगात साठवते. पुढे तिचं होतं प्लेन टायगर नावाचं फुलपाखरू. नारिंगी पंख, काळी किनार, टोकाशी पांढरे ठिपके. त्याच्या जातभाईंना मराठीत 'कडवा' म्हणतात, ते उगाच नाही. पक्ष्यानं एकदा खाल्लं की ओकतो आणि पुन्हा वाटेला जात नाही. म्हणूनच ते इतकं निवांत उडतं. डॅनाइड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्या फुलपाखराच्या मादीनं तर हुबेहूब हेच रूप घेतलं आहे. ती स्वतः कडू नाही, तरी या रूपामुळे वाचते.

दिवाळीच्या तोंडावर साफसफाई निघाली आणि झाड बुंध्यापासून छाटलं गेलं. त्यावर तीन कोष होते, फिकट हिरवे, गळ्याशी मण्यांची बारीक ओळ असलेले. कचऱ्याच्या ढिगात शोधत राहिले, तेव्हा एक सापडला. देठासकट आणून दोऱ्यानं बाल्कनीच्या गजाला बांधला. आठव्या दिवशी सकाळी फुलपाखरू रिकाम्या कोषाला धरून पंख वाळवत होतं. उरलेल्या दोघांची हळहळ अजून वाटते. रुई मात्र चिवट. महिन्याभरात बुंध्याला कोंब फुटले.

रुई लावायची तर फार काही लागत नाही. उन्हाळ्यात बोंडं उकलून 'म्हाताऱ्या' उडतात, त्यांच्या टोकाचं बी पेरावं. मूळ खोल जातं, त्यामुळे कुंडीपेक्षा जमीन बरी. भरपूर ऊन हवं, पाणी बेताचं, आणि पाणी साचणारी जागा नको. पिवळा मावा पडला तर पाण्याचा फवारा पुरे. औषध मारलंत, तर अळ्याही जातील. पानं खाऊन झाड उघडंबोडकं दिसेल; दिसू द्या, पुन्हा पालवी येते. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात लागलीच धुवा. जागा कुंडीपुरतीच असेल तर हळदीकुंकू लावा. हे लाल-पिवळ्या फुलांचं अमेरिकेतलं झुडूप रुईच्याच कुळातलं. त्याच्या चिकापासूनही जपावं, पण प्लेन टायगर त्यावरही अंडी घालतं.

देवळापाशी माळा विकणाऱ्या मावशींना मी एकदा विचारलं, पानावर अळी निघाली तर काय करता? त्या म्हणाल्या, "ताई, ते पान आम्ही झाडालाच ठेवतो. तिचं जेवण आहे ते."

श्रोतेहो, आज माळेसाठी रुईचं पान खुडणार असाल, तर आधी ते उलटं करून पाहा.