काचेचं छत, लोखंडी झाकण

साहेबांच्या भाषेत एक शब्द आहे : काचेचं छत. 1978 साली अमेरिकेत मॅरिलिन लोडन या बाईंनी तो वापरला. बाई कचेरीत चढत जाते, वरच्या खुर्च्या दिसतात, आणि मध्येच डोकं आपटतं. शब्द नामी आहे. पण माझ्या डोक्याला लागली ती काच होती का?

मी भोकरचा. लांबच्या एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो, वरिष्ठ लिपिक झालो, तिथंच थांबलो. गोपनीय अहवालात दरसाल एकच शेरा : काम साधारण. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं साहेब झाली. माय म्हणायची, ''बाबू, पंख्याखाली बसायलास ना? मग रडायलास कशाला?''

काच दिसत नाही. जात सगळ्यांना दिसते. 31 जानेवारी 1920 च्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी या समाजाला जिना नसलेला मनोरा म्हटलं. छत फोडता येतं, जिना मात्र बांधावाच लागतो. 1995 च्या 77 व्या घटनादुरुस्तीनं बढतीतल्या आरक्षणाचा जिना बांधला. महाराष्ट्राचा 2004 चा बढती-आरक्षणाचा शासन निर्णय उच्च न्यायालयानं 4 ऑगस्ट 2017 ला रद्द केला. 7 मे 2021 ला सरकारनं सगळ्या बढत्या सेवाज्येष्ठतेवर द्यायचं ठरवलं. लायकी बघा म्हणतात. बघा की! पण शेरा लिहिणाऱ्या हाताची लायकी कोण बघणार?

इथवर माझी तक्रार खरी आहे. पुढं ती मलाच चावते.

लाड-पागे समितीच्या शिफारशीनं सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. अशा एका विधवेचा अर्ज माझ्या टेबलावर आठ महिने पडून होता. त्या आठ महिन्यांत मी काय करत होतो? माझ्या बढतीची निवेदनं लिहीत होतो. ती दारात उभी राहायची. मी म्हणायचो, ''बाई, उद्या या.'' तिच्या अर्जावर मीही 'साधारण'च शेरा मारला होता, न लिहिता.

गटारात उतरणाऱ्याच्या डोक्यावर काच नसते, लोखंडी झाकण असतं. 2013 ला कायदा झाला, तरी माणसं आत गुदमरून मरतात. म्हणून मी बढतीचा हक्क सोडावा? मुळीच नाही. एकाचं झाकण दाखवून दुसऱ्याचं छत पक्कं करणं हा जुनाच डाव आहे. पण 18 मार्च 1956 ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जे दुःख बोलून दाखवलं, त्यात मीही आलो.

दोस्तांनो, जिना मागायचाच. पण मला बढती मिळाली असती, तर त्या बाईचा अर्ज लवकर निघाला असता का? याचं उत्तर 'हो' असेल, तरच माझं भांडण न्यायाचं. नाहीतर ते नुसतं खुर्चीचं.